आईच्या खिडकीवरची फांदी

आमच्या हिने नोकरी सोडली त्याला कारण झालं एक पडलेलं झाड, आणि तेही आमचं नव्हे. विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासायचं तिचं काम. कुणाच्या तरी गाडीवर झाड पडलं, त्याचे फोटो आले. ते बघून हिने साहेबांना विचारलं, "पण पडलं का?"

साहेब म्हणाले, "वारा आला म्हणून."

"वारा शेजारच्या झाडालाही आला होता."

"बाई, आपल्याला भरपाई किती द्यायची ते बघायचंय. झाडाची चौकशी नाही करायची."

इथेच साहेब चुकले. चौकशी करू नको असं हिला सांगणं म्हणजे मांजराला दुधाकडे बघू नको म्हणण्यासारखं आहे. सुट्टीच्या दिवशी ही थेट ते झाड बघायला गेली. तिथे एक माणूस दोराला लटकून उरलेला बुंधा तुकड्यातुकड्यांनी खाली उतरवत होता. हिने खालून प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. तो उत्तरं देऊन दमला आणि शेवटी ओरडला, "ताई, एवढं सगळं वरून सांगता येत नाही. वर या, नाहीतर घरी जा!"

ही वर गेली. घरी आली तेव्हा गुडघे सोलवटलेले, केसांत भुसा आणि चेहऱ्यावर असा आनंद, की लग्नातल्या फोटोतही मी तो पाहिलेला नाही. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

त्या माणसाला सगळे शिडीवाले म्हणतात. धंदा सुरू केला तेव्हा त्याच्याकडे नुसती शिडी होती. आता दोर, पट्टे, यंत्राच्या करवती सगळं आहे, शिडी तो कुणाला हातही लावू देत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. झाडांचा डॉक्टर म्हणा हवं तर. आधी आमची ही रविवारी त्याच्याकडे शिकायला जायची, मग एक दिवस तिने ऑफिसला रामराम ठोकला आणि त्याच्याकडे कामालाच लागली.

घरात काय झालं असेल ते तुम्हाला माझ्या आईला ओळखत नसतानाही सांगता येईल. "हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे," आई म्हणाली. "बरी पंख्याखाली बसत होती. आता फांदीवर बसणार. या वयात!" माझ्याकडे वळून म्हणाली, "तू काही बोलणार आहेस का?" मी काही बोलणार नव्हतो. त्या दोघींच्या मध्ये न बोलण्याची कला मी मोठ्या कष्टाने कमावली आहे.

पण मलाही आतून उत्सुकता खात होती. ही अंघोळीला गेली की मी तिची पिशवी उघडून बघायचो. दोराला ओल्या सालीचा वास यायचा. लाकडी डोक्याची एक हातोडी होती, एक लांब बारीक लोखंडी सळई होती. एकदा कमरेचा पट्टा मी स्वतःलाच चढवून आरशासमोर उभा राहिलो. दिसत बरा होतो, पण कडी उघडेना. ओढाओढ चालली असताना आई दारात आली, मला आपादमस्तक न्याहाळलं, "आता तूही?" एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

हातोडी कशाला, ते ही जेवताना सांगायची. झाडावर ठिकठिकाणी ठोकून कान लावायचा. लाकूड चांगलं असेल तर आवाज टणक येतो, आत पोकळ असेल तर बद्द. तिने मला जेवणाच्या टेबलावर ठोकून दाखवलं, मग भिंतीवर, मग माझ्या पाठीवर. पाठीचा निकाल काही सांगितला नाही.

"आणि सडलेलं असेल तर औषध काय?" मी विचारलं.

"औषध नाही. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड काय करतं, सडकं असेल त्याच्याभोवती आतून भिंत बांधतं. कोंडून टाकतं त्याला. आणि पुढे वाढत राहतं."

"मग भोक पाडून आत बघायचं ना, भिंत बांधली की नाही ते."

"तेच तर. भोक पाडलं की ती भिंतच फुटते, आणि सड बाहेर पसरते. म्हणून पक्कं बघता येत नाही, अंदाज करावा लागतो."

एरवी आई असल्या गप्पांत लक्ष घालत नाही. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या ऑफिसात होतं तसंच की. न बघता ठरवायचं." हिने घास तसाच हातात धरला आणि मला हसू आवरेना. आईचं बोलणं असं असतं, चिमटा काढते पण जागेवर काढते.

आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक जुनं दांडगं झाड आहे. त्याची एक जाड फांदी आईच्या खोलीवरून, अगदी खिडकीवरून पलीकडे गेलेली. आईचं आणि त्या झाडाचं विचित्र नातं. पाखरं घाण करतात म्हणून ती रोज त्याला शिव्या देणार आणि दुपारी त्याच्याच सावलीत, खिडकी उघडी टाकून, झोपणार. एका दुपारी जोराचा वारा सुटला आणि त्या फांदीचं एक वाळकं ढलपं धाडकन तिच्या खोलीच्या पत्र्यावर पडलं. आई उठली, गादी गुंडाळली आणि दिवाणखान्यात टीव्हीसमोर येऊन झोपली. दुसऱ्या दिवशी मला तिची खाटही तिथे आणून द्यावी लागली.

"मी आता त्या खोलीत जात नाही," तिने जाहीर केलं. "सूनबाई, तू गावाची झाडं बघत फिरतेस. हे घरचं आहे. फांदी पडणार की राहणार, सांग. एवढंही कळत नसेल तर खुर्ची सोडलीस कशाला?"

हा नुसता टोमणा नव्हता, हे मला कळलं आणि हिलाही कळलं. इतके महिने घरात जे चाललं होतं ते आईने एका फांदीवर आणून ठेवलं होतं.

ही लगेच वर चढली. मी खाली उभा राहून मान दुखेपर्यंत बघत होतो. ही बुंध्याला कान लावायची, हातोडीने ठोकायची, पुन्हा कान लावायची. बुंधा चारी बाजूंनी टणक वाजला, तेवढं मलाही ऐकू आलं. पण फांदीच्या वरच्या अंगाला, बुंध्याजवळच, एक जुनी जखम होती. कधीतरी काहीतरी मोडून पडलेलं असावं. तिथे भोक होतं, आणि भोकाखाली पानासारखी कडक तपकिरी अळंबी उगवलेली. हातोडी तिथे बद्द वाजली. सळई वीतभर आत गेली आणि अडली.

खाली येऊन ती म्हणाली, "सड आहे. किती आहे ते कळत नाही. टोकाकडचा भार कमी केला तर फांदी राहील असं वाटतं."

"वाटतं?" आई म्हणाली.

हिने शिडीवाल्यांना बोलावलं. ते आले, चढले, ठोकलं, उतरले, चहा घेतला. "ठेवणं, कापणं, दोन्ही बरोबर आहे," ते म्हणाले. "भार कमी केलास तर बहुतेक राहील. आता ते 'बहुतेक' कुणाच्या डोक्यावर टांगून ठेवायचं, ते तुझं तू ठरव." आणि आणखी एक कप चहा मागितला. मला त्यांचा राग आला. चहा पिऊन अर्धं उत्तर द्यायला मीही आलो असतो.

 दोन-तीन दिवस ही येताजाता मागच्या दाराशी थांबून वर बघायची. ती फांदी तिला ठेवायचीच होती, हे मला दिसत होतं. एकदा म्हणालीही, "एवढी वर्षं ते आत काहीतरी करतंय रे. मला बघायचंय ते पुढे काय करतं."

शेवटी तिने आईसमोर बसून तोडगा मांडला. "आई, मी टोकाचा भार काढते. आणि तुमच्या मनात शंका नको म्हणून, तुम्ही आमची खोली घ्या. तुमच्या खोलीत आम्ही दोघं झोपतो."

आम्ही दोघं? मला कुणी विचारलं नव्हतं. पण मी न बोलण्याची कला वापरली.

आईने टीव्ही बंद केला. मग अगदी शांतपणे म्हणाली, "म्हणजे तुला खात्री नाही."

"तसं नाही, आई..."

"तसंच आहे. खात्री असती तर म्हणाली असतीस, आई, जा, खुशाल झोपा. स्वतः फांदीखाली झोपायला निघालीस आणि मला मात्र बाजूला काढतेस. अगं, मी शाळा फार शिकले नाही, पण माणूस मला वाचता येतो."

मला वाटलं आता भांडण पेटणार. ही चिडली की तिचे कान लाल होतात, ते झालेही होते. पण ती म्हणाली, "बरोबर आहे. मला खात्री नाही."

लग्न झाल्यापासून या घरात हे वाक्य कुणी उच्चारलेलं नव्हतं. आईनेही नाही, आणि मला तर कुणी काही विचारतच नाही.

"मग फांदी कापते," ही म्हणाली आणि उठून आत गेली. मी मागोमाग गेलो तर ती पलंगावर बसून रडत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होतो?

रविवारी शिडीवाले दोर धरायला आले. ही वर. आधी टोकाकडून तुकडे काढत आली, एकेक दोराला बांधून खाली सोडत. मग बुंध्याशी जिथे फांदीचा फुगवटा असतो त्याच्या बाहेरून, साल सोलून निघू नये म्हणून आधी खालून थोडी चीर दिली, आणि मग वरून. शेवटचा ओंडका दोराला झोका घेत खाली आला तेव्हा आई खुर्ची टाकून मागच्या अंगणात बसली होती. मी पत्र्यावर काही पडू नये म्हणून तिथे उभा होतो, म्हणजे खरं तर बघायला उभा होतो. आत काय निघतं हे मला जाणून घ्यायचंच होतं.

हिने खाली येऊन तो ओंडका बरोबर जखमेवरून चिरला. दोन्ही बाजू उघड्या पडल्या आणि आम्ही सगळे वाकलो. सड होती मूठभर, ओल्या भुशासारखी. तिच्याभोवती एक काळी रेघ, पेन्सिलीने ओढावी तशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठेही न तुटलेली. आणि रेघेबाहेर सगळं लाकूड फिकट, घट्ट, ओलसर, नवंकोरं. हिने त्या रेघेवरून, झाडाने बांधलेल्या त्या भिंतीवरून, बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"होतं असं," शिडीवाले म्हणाले आणि दोर गुंडाळायला लागले.

ही उभी राहिली. तिला गप्प बसता आलं असतं. आईला त्या रेघेतलं काय कळणार होतं?

"आई, फांदी चांगली होती," ती म्हणाली. "आणखी कितीतरी वर्षं टिकली असती. मी उगाच कापली."

आता काय ऐकावं लागणार म्हणून मी दोन पावलं मागे सरकलो. माझी आई म्हणजे अशी बाई, की कधीकाळी फुटलेल्या बरणीचा उल्लेख अजून पाहुण्यांसमोर करते. तिने त्या ओंडक्याकडे पाहिलं, मग वर, जिथे फांदी होती तिथल्या रिकाम्या आभाळाकडे.

"आणि बाकीचं झाड?" तिने विचारलं.

"बाकीचं ठीक आहे. माझ्या मते."

मला राहवलं नाही. म्हटलं, "आता माणसं आहेत, करवत आहे, तर सगळंच काढून टाकलं तर? पुन्हा डोक्याला ताप नको."

"तू गप रे," आई म्हणाली. "तुला झाडातलं काय कळतं? ती सांगतेय ना ठीक आहे म्हणून." खुर्चीच्या हातांवर जोर देत ती उठली. "माझी खाट उचला आणि खोलीत नेऊन ठेवा. टीव्हीच्या आवाजाने डोकं उठलंय माझं."

आम्ही खाट उचलून नेली, मी एका टोकाला, ही दुसऱ्या. आईने गादी सारखी केली, खिडकी उघडली, आडवी झाली आणि बघता बघता घोरायला लागली.

ही दारातच उभी राहिली. खिडकीतून बुंधा दिसत होता, तिकडे बघत.

"चल," मी हळूच म्हणालो. "जिंकलीस की."

तिने नकारार्थी मान हलवली. 

"आता मला भीती वाटायला लागलीय," ती म्हणाली. "त्या माझ्या एका शब्दावर झोपल्यात."