इथं कोणी येतंय का?

कवठाळीची पॅसेंजर बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण तिच्या वाढदिवसाला ती येते, आणि तिच्यात कोणासाठी जागा धरून ठेवली तर गेलेलं माणूस येऊन त्या जागेवर बसतं. अट एकच. शिट्टी होईपर्यंत जागा धरलेली पाहिजे. शिट्टी झाली की गाडी सुटते, आणि शेजारी बसलेली दोघं पुढच्या स्टेशनापर्यंत बोलत जातात. तेवढंच मिळतं. मला तेवढं पुष्कळ होतं.

रूळ कधीच उचलून नेलेत. तिथे आता सोमवारचा बाजार भरतो. गाडी कोथिंबिरीच्या जुड्यांमधून येते, बायका पाट्या बाजूला घेतात आणि डबे पुढे गेले की पुन्हा मांडतात. मंडळाचे लोक इंजिनाला केळीचे खुंट बांधतात, अध्यक्ष नारळ फोडतात, लाउडस्पीकरवर भाषण होतं. भाषणात दरवर्षी तेच, की पॅसेंजर म्हणजे या गावाची आई होती. आई होती तर बंद पडताना कोणी आडवं का आलं नाही, असं मी मनात म्हणते. मोठ्याने म्हणायला शेजारी कोणी असावं लागतं.

आमचे हे वारले तेव्हापासून घरात टीव्हीच काय तो बोलतो. मुलगा नाशिकला असतो. सून चांगली आहे, फोन करतात, जेवलीस का विचारतात, जेवले म्हटलं की फोन संपतो. मला एकटीला करमत नाही हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर इकडे राहायला ये म्हणतील. मला कुठे जायचं नव्हतं. मला ह्यांच्याशी भांडायचं होतं. सकाळी चहा पिताना, काही कारण नसताना भांडायचो, तसं एकदा कडकडून भांडायचं होतं.

म्हणून या वर्षी गाडी थांबायच्या आतच मी खिडकीतून रुमाल टाकला. रुमाल टाकला की जागा आपली, हे कवठाळीतलं शेंबडं पोरही जाणतं आणि पॅसेंजरही मानते. धक्के खात आत गेले तर रुमाल खिडकीजवळच्या जागेवर पडलेला होता. मी त्याला लागून बसले.

समोर मालनताई कासार होत्या, आमच्या गल्लीतल्या, बांगड्यांच्या दुकानवाल्या. त्यांनी बहिणीसाठी चष्म्याचं घर ठेवून जागा धरली होती. मी टेकते न टेकते तोच बहीण आली. चष्म्याचं घर उचलून तिने मालनताईंच्या हातात दिलं आणि बसली. तिच्या अंगाला अजून दवाखान्याचा वास येत होता. दोघी लगेच कोणाच्या तरी लग्नातल्या जेवणावर बोलायला लागल्या, भात कच्चा होता म्हणून. मला हेवा वाटला. खोटं कशाला बोलू.

एक माणूस आला. "इथं कोणी येतंय का?"

"येतायत," मी म्हटलं.

मग तुम्ही जरा सरका, असं तो म्हणाला. पॅसेंजरमध्ये कोणी सरका म्हटलं की सरकावं लागतं. बाकडं तेवढंच राहतं, माणूस अरुंद होतं. रुमालाची जागा मात्र अरुंद होत नाही, कारण ती धरलेली असते. मी सरकले आणि माझं घड्याळ मनगटातून निसटून खाली पडलं. वाकायला जागा नव्हती. राहू दे म्हटलं.

भाषण संपत आलं होतं आणि ह्यांचा पत्ता नव्हता. जिवंतपणीही हीच तऱ्हा. गाडी सुटायच्या वेळेला ह्यांना पान आठवायचं. मी खिडकीतून पाहिलं, तर हे खरंच पानाच्या टपरीपाशी पाठमोरे उभे, गळ्यात मापाची टेप, शिवणाच्या दुकानातून उठून आल्यासारखे. माझा जीव भांड्यात पडला. आणि मी नको ते करून बसले. मी "अहो" अशी हाक मारली.

फलाटावरचे सगळे पुरुष वळले.

चूक माझीच. आमच्या वयाच्या बायकांनी नवऱ्याला दुसरं काही म्हटलंच नाही, तर त्या बिचाऱ्यांनी हाक कोणाची हे ओळखायचं कसं? हे तेवढे वळले नाहीत, कारण पानाला चुना जास्त लावला म्हणून टपरीवाल्याशी हुज्जत घालत होते. बाकीचे मात्र आले. ज्यांच्या बायका घरी होत्या ते आले, आणि ज्यांच्या नव्हत्या ते तर पळत आले. एक टोपीवाले आजोबा धापा टाकत माझ्यापुढे उभे राहिले. तुम्हाला नाही हो हाक मारली, असं मी त्यांना सांगितलं.

"कोणीतरी मारली," ते म्हणाले. "मला तेवढं पुरे. सरका जरा."

मी सरकले. पुढचा आला, पुन्हा सरकले. आधी वीतभर उरले, मग बोटभर, मग सदऱ्याच्या शिवणीएवढी. दुखत नव्हतं. उठून उभी राहिले असते तर पुन्हा पहिल्यासारखी झाले असते, हे मला कळत होतं. पण मी उठले तर जागा कोण धरणार? तेवढ्यात मालनताईंनी बहिणीला विचारलं, समोर टेलरवहिनी बसल्या होत्या त्या कुठे गेल्या. उतरल्या असतील, बहीण म्हणाली, आणि त्या पुन्हा भातावर आल्या.

आणि हे आले.

गालात पान, कपाळाला घाम. रुमाल पाहिला आणि ओळखीचं हसले. उचलला, झटकला, नीट घडी घालून खिशात ठेवला आणि बसले. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. मशीनच्या तेलाचा तोच वास. मला भरून आलं, पण रडायलाही थोडी रुंदी लागते. मग त्यांनी त्यांच्या आणि शेजारच्या आजोबांच्या मधली फट पाहिली. हातातली कापडी पिशवी त्यांनी तिथे ठेवली. ती माझ्यावर ठेवली गेली. पिशवीत कोणाचे तरी बेतलेले ब्लाउज होते, मऊ होते.

आजोबांनी विचारलं, "इथं कोणी येतंय का?"

"बायको येतेय माझी," हे म्हणाले, आणि मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागले. बाजाराकडे, टपरीकडे, गर्दीतल्या एकेका बाईकडे बघत होते. मी पिशवीखालून "अहो" म्हटलं. डब्यातल्या सगळ्या पुरुषांनी ओ दिली. आजोबांनी दोनदा दिली. ह्यांनी नाही दिली. कुणाची तरी बायको कुणाला तरी बोलावतेय, असं त्यांना वाटलं असणार. ते मला बाहेर शोधत होते.

अध्यक्षांनी हिरवा झेंडा हातात घेतला. ह्यांच्याशी बोलायला मी इतकी आसुसले होते आणि माझ्याकडे हाक मारायला शब्दच उरला नव्हता. एक होता. तो मी लग्नात उखाण्यात घेतला होता, त्यानंतर कधी नाही. गावात हे टेलर, मुलासाठी पप्पा. जिवाचा हिय्या केला, उरलासुरला श्वास गोळा केला, आणि जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला नावाने हाक मारली.

"त्रिंबक."

ते झटकन वळले. इतक्या जवळून मी त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता. तो एकदम शाळकरी मुलाचा झाला होता. या नावाने त्यांना सगळ्या आयुष्यात एकाच बाईने हाक मारली होती.

"आई बोलावतेय," ते म्हणाले, आणि उठले.

पायऱ्यांपाशी पोचल्यावर ते थांबले आणि आजोबांकडे वळून म्हणाले, "तेवढी जागा बघा हं. बायको येतेय."

"बघतो," आजोबा म्हणाले. त्यांनी पिशवीवर हात ठेवला, आणि शिट्टी झाली.