साधना दंतमंजन

नांदगावच्या खंडेरावांच्या लाल दंतमंजनाच्या पुडीवर दोन वेण्यांची एक मुलगी हसायची. ती त्यांची साधना. सातव्या वर्षी तापाने गेली. शाळेसाठी काढलेला तिचा एकुलता एक फोटो खंडेरावांनी पुडीवर छापला आणि मंजनाला तिचंच नाव दिलं. पुढे वीस वर्षं मनमाड, येवल्यापर्यंत लोक दुकानात जाऊन 'एक साधना द्या' म्हणत. तेवढं ऐकायला तिची आई, मालनबाई, काही घ्यायचं नसलं तरी बाजारात चक्कर मारून येई.

१९९८ साली मुंबईच्या एका बड्या कंपनीचा साहेब मोटारीतून आला. चहा घेता घेता म्हणाला, की या भागात तुमच्या मंजनापुढे आमची टूथपेस्ट हलत नाही. नाव आम्हाला विका, आमचा माल देशभर जातो. साहेब एक अक्षर खोटं बोलला नाही. पुढचं सगळं खंडेरावांनी मनानेच रचलं. पोर आता मुंबई बघेल, टीव्हीवर झळकेल! हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या पाठी. करार वकिलाला दाखवायचंही त्यांना सुचलं नाही. आपली साधना आता घरोघरी जाणार, असं त्यांनी मालनबाईंना सांगून टाकलं.

दिवाळीपर्यंत दुकानातल्या पुड्या संपल्या. नव्या आल्याच नाहीत. संक्रांत झाली तसे खंडेराव नाशिकला, इंदिरानगरातल्या कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथल्या मॅनेजरने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, की मंजन बंद करायलाच घेतलं होतं. तुमच्या गिऱ्हाइकांना आता आमची लहान ट्यूब मिळते. पैसे परत घ्या, निदान फोटो तरी छापू द्या, म्हणून खंडेरावांनी हात जोडले. पण करारात नाव होतं, चित्रही होतं, आणि दोन्ही कायमचं. कंपनीचं त्या पोरीशी काही वैर नव्हतं. वैर असतं तर भांडता तरी आलं असतं.

संध्याकाळी ते घरी आले. मालनबाई सकाळीच दुकानात जाऊन आल्या होत्या. साधना आता येत नाही, म्हणत दुकानदाराने त्यांच्यापुढे ट्यूब ठेवली होती.

"पोर तापानं गेली तवा आपल्या हातात काय नव्हतं," त्या म्हणाल्या. "या टायमाला तुम्ही सही केली."