चौदावा निरोप

दौलत घाडी एकतीस वर्षं लिफ्ट मेकॅनिक होता. निवृत्त झाल्यावर बायकोला वाटलं, आता हा माणूस दुपारी झोपेल. त्याने हॅम रेडिओची परीक्षा दिली. सरकारचा परवाना घेऊन, स्वतःच्या वायरलेस सेटवरून जगभरच्या हौशी लोकांशी बोलायचं, असा तो छंद. परळच्या नव्या इमारतीच्या गच्चीवर एरिअलची तार बांधायला सोसायटीने परवानगी दिली, कारण इमारतीची लिफ्ट बंद पडली की सेक्रेटरी आधी कंपनीला नाही, दौलतलाच फोन करायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी त्याने सेट लावला, चाळीस मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे हौशी लोकांसाठी राखलेल्या लहरींवर आला, तार जुळवायला मिनिटभर शिट्टी सोडली आणि जोरात पुकारा केला. पुकारा संपतो न संपतो तोच एका बाईचा शांत आवाज आला.

"पुकारणारं स्टेशन, ही फ्रिक्वेन्सी वापरात आहे. सोलापूरचे एक गृहस्थ बोलत होते, त्यांच्या अंगावर तुम्ही आलात. कृपया थांबा."

दौलतचे कान तापले. दुपारी त्याच बाईंचा फोन आला. नाव बकुळा पाठारे, राहणार ठाकुरद्वार. पूर्वी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, वय बहात्तर. म्हणाल्या, "चहाला या. येताना काही आणू नका, फक्त कान आणा."

तो गेला, पण कपाळाला आठ्या घालूनच. बकुळाबाईंनी त्याला सेटसमोर बसवलं आणि माईक काढून कपाटात ठेवला. तासभर नुसतं ऐकायला लावलं. पट्ट्याच्या खालच्या टोकाला मोर्सची टिकटिक, त्याच्यावर संगणकांची किरकिर, मग बोलणारी माणसं.

"प्रत्येकाची जागा ठरलेली आहे," त्या म्हणाल्या. "कायद्याने थोडी, समजुतीने जास्त. आधी ऐकायचं. मग विचारायचं, फ्रिक्वेन्सी वापरात आहे का? थांबायचं. पुन्हा विचारायचं. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणजे तिथे कोणी नाही, असं नसतं. आणि तार जुळवायची ती रिकाम्या जागी, अगदी कमी पॉवरवर."

"बाई, मी एकतीस वर्षं लोकांना अडकलेल्या लिफ्टमधून बाहेर काढलंय. मला शिस्त शिकवताय?"

"आतली सगळी माणसं एकदम ओरडायला लागली की काय सांगायचात?"

"एकाने बोला म्हणायचो."

"मग झालं तर." त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला.

त्यानंतर तो दर रविवारी नेटवर यायला लागला. नेट म्हणजे ठरल्या वेळेची, ठरल्या फ्रिक्वेन्सीवरची सभा. एक जण कंट्रोल असतो आणि तो सांगेल तेव्हाच बाकीच्यांनी बोलायचं. दौलतला सुरुवातीला हे शाळेतल्यासारखं वाटलं, मग सवय झाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कोकणात वादळ आलं. सकाळी देवगडच्या पलीकडचे सगळे फोन बंद. दौलतची धाकटी बहीण नलू तिथेच होती, आंबेखोलच्या खालच्या वाडीत, खाडीच्या काठावर. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, घरात एकटी. लक्ष्मी, म्हणजे दौलतची बायको, पाच वाजल्यापासून नलूचा नंबर फिरवत होती.

दौलतने पावणेसातला सेट लावला. घरातला इन्व्हर्टर, टीव्हीचा डबा, ट्यूबलाइट, सगळं बंद केलं, तेव्हा कुठे खरखर कमी झाली. आणीबाणीचं नेट सुरू झालेलं होतं. कोल्हापूरचे सीताराम मगदूम कंट्रोलला होते. "फक्त तातडीचे निरोप. बाकी सगळ्यांनी ऐकत राहा. विचारल्याशिवाय बोलू नका."

सव्वासातला दौलतला एक बारीक आवाज आला. रघु मेस्त्री, आंबेखोलच्या शेजारच्या गावातले शाळामास्तर. जीपच्या बॅटरीवर सेट चालवत होते. त्यांनी कोल्हापूरला पुकारलं. उत्तर नाही. पुन्हा पुकारलं. मगदूम मात्र म्हणत होते, "कोकणातून कोणी आहे का? मला काही ऐकू येत नाही."

दौलतला बकुळाबाईंनी सांगितलेलं होतं: सकाळी सकाळी जवळची स्टेशनं एकमेकांना ऐकू येत नाहीत, आवाज वरून उडी मारून लांब जातो. देवगडचा आवाज कोल्हापूरच्या डोक्यावरून परळला पोचत होता. त्याने बकुळाबाईंना फोन लावला.

"तुम्हाला रघु मास्तर ऐकू येतायत?"

"नाही हो. समोर नवीन दिव्यांचा जाहिरातफलक लागलाय, सगळा गोंगाट आहे. तुम्हाला येतायत?"

"कळतंय जेमतेम."

"मग थोडं थांबा. जास्त चांगलं ऐकू येणारं दुसरं कोणी पुढे येतंय का बघा. नाही आलं, तर मध्ये जागा मिळाली की तुमची कॉल साइन, परवान्यावरची, आणि एकच शब्द, रिले; म्हणजे दुसऱ्याचा निरोप मी पुढे पोचवतो."

कोणीच आलं नाही. मगदूम श्वास घ्यायला थांबले, तसं दौलतने कॉल साइन सांगितली आणि म्हणाला, "रिले."

"रिले स्टेशन, बोला."

मास्तरांचा निरोप त्याने वहीच्या पाठच्या पानावर लिहून घेतला. शाळेत साठ माणसं. एका मुलीला कळा सुरू झाल्या आहेत, दिवस भरायच्या आधीच. घाटरस्त्यावर तीन ठिकाणी झाडं. रुग्णवाहिका पुलावरून पाठवा. लिहिलेलं त्याने मास्तरांना परत वाचून दाखवलं.

"नाही, नाही!" पलीकडचा आवाज खरखरीतून वर आला. "पुलावरून नको! पूल गेला! वरच्या रस्त्याने!"

दौलतने 'पाठवा' खोडून 'नको, वरच्या रस्त्याने' लिहिलं. पुन्हा सगळं वाचलं, मास्तर "बरोबर" म्हणाले, मगच त्याने तो शब्दाला शब्द कोल्हापूरला दिला. मगदूमांनीही परत वाचून दाखवला.

तेवढ्यात एक जण मध्ये घुसला. "माझे काका तिथे आहेत, जरा विचारा ना!" लगेच चौघे त्याच्यावर ओरडायला लागले, गप बस, नेट चालू आहे, अक्कल आहे का. त्या आरडाओरड्यात मास्तरांचं एक अख्खं वाक्य बुडालं.

"कोणीही उत्तर देऊ नका," मगदूम म्हणाले. "खुशालीचे निरोप बकुळाबाई इथून दहा किलोहर्ट्झ वरच्या फ्रिक्वेन्सीवर घेतायत. तिथे नाव द्या. मास्तर, पुन्हा सांगा."

पुन्हा दौलतनेच ऐकलं. "आंबेखोलची खालची वाडी पाण्यात आहे. माणसं वर आणली. सगळी मोजलेली नाहीत. बॅटरी उतरत आलीय."

लक्ष्मी पाठीमागेच उभी होती. "विचारा," ती म्हणाली. "नलूवन्सं तिथेच आहेत. एवढं नाव घ्या फक्त."

दौलतने नकारार्थी मान हलवली.

"अहो, तो माणूस तुमच्याशीच बोलतोय! दुसऱ्या कोणाला ऐकूसुद्धा येत नाही!"

ते खरं होतं. त्या क्षणी त्या गावाशी बोलणारा जगात तो एकटा होता. अंगठा माईकच्या बटणावर होता. नलिनी राणे, दोन शब्द, दोन सेकंद. मग मास्तर शोधणार, हाक मारणार, सेट चालूच राहणार, बॅटरी उतरत जाणार. त्याने बटण दाबलं आणि म्हणाला, "खालच्या वाडीचं पोचवतो. पुढचा निरोप सांगा."

लक्ष्मी आत निघून गेली.

साडेनऊनंतर ऊन चढलं आणि मास्तर कोल्हापूरला थेट ऐकू यायला लागले. मगदूमांनी आभार मानून दौलतला मोकळं केलं. तो वर सरकला, जिथे आता बकुळाबाईंची यादी चालली होती. आपली पाळी येईपर्यंत गप्प राहिला.

"घाडी, तुमचं कोणी आहे?"

"बहीण. नलिनी राणे, आंबेखोल, खालची वाडी."

"चौदावा नंबर." मग त्या म्हणाल्या, "सकाळपासून तुम्हीच रिले करताय. यादीत वर घेऊ का?"

त्याला हो म्हणायचं होतं. शब्द ओठावर आलाही होता. पण पट्ट्यावर तेरा माणसं ऐकत बसली होती, हे त्याला माहीत होतं. "राहू दे," तो म्हणाला.

लक्ष्मीने दाराआडून ते ऐकलं. ती जेवली नाही. त्यालाही वाढलं नाही.

मुलीला घेऊन रुग्णवाहिका निघाल्याचं अकराच्या सुमारास कळलं. यादी कोल्हापूरमार्फत मास्तरांकडे गेली, पण ते बॅटरी वाचवायला अधूनमधूनच सेट लावत होते. नलूचं उत्तर आलं पावणेचारला: नलिनी राणे शाळेत आहेत, जिवाला धोका नाही, डावा हात मोडला आहे, घराचं छप्पर गेलं.

लक्ष्मी भिंतीला टेकून खाली बसली आणि खूप रडली. मग म्हणाली, "साडेसातला विचारलं असतंत तर?"

"तर हात काही जुळला नसता."

"मला कळलं असतं ना. आठ तास मी काय काय बघितलं डोळ्यांपुढे, ठाऊक आहे?"

दौलतने उठून दोघांसाठी चहा टाकला.

सहाव्या दिवशी तो नलूला परळला घेऊन आला. प्लास्टर गळ्यात अडकवलेलं, चेहरा उतरलेला, पण जेवली पोटभर. लक्ष्मीने तिला सगळं सांगितलं. नंबर चौदाचं तर दोनदा सांगितलं.

"मी थयच होतंय, दादा," ती म्हणाली. "मास्तरांच्या पाठीमागे. तुझो आवाज वळखलंय मी."

दौलतचा घास हातातच राहिला. "सकाळी?"

"सकाळपासून. माका वाटला, आता इचारतलंस, मगे इचारतलंस. मास्तरांका सांगलंय, ह्यो माझो दादा. ते म्हणाले, बाय, बॅटरी संपली तर ह्या पोरीचा काय?"

"राग आला असेल."

"इलो तर! हात ठणकत होतो, वर तू माझा नावपण घेयनास." नलूने पाण्याचा घोट घेतला. "पण ती पोर माझो उजवो हात धरून बसलली. सोडूक तयार नाय. मगे मी पण तुझे निरोपच आयकत बसलंय. पुलाचा चुकलंस तेव्हा मास्तर कसे वरडले!"

"मुलगी झाली की मुलगा?" लक्ष्मीने विचारलं.

"चेडू, पोरगी. दोन किलोचा. काचेच्या पेटीत ठेवल्यानी हा."

लक्ष्मीने तिच्या ताटात आणखी भात वाढला आणि मासा काटे काढून बाजूला ठेवला, कारण एका हाताने ते जमत नव्हतं. मग दौलतकडे न बघता म्हणाली, "त्या मास्तरांना नवी बॅटरी लागेल. विचारा त्यांना, कुठली."