चुकलात तिथेच थांबा

आमच्या घरात देव कमी आणि बाबांचे नियम जास्त. पहिला नियम असा की गर्दीत चुकामूक झाली तर आहात तिथेच थांबायचं, मी शोधत येतो. चतुःशृंगीच्या जत्रेत मी दोनदा हरवले. दोन्ही वेळा फुगेवाल्याशेजारी खांबासारखी उभी राहिले आणि बाबा आले.

२००७च्या जूनमध्ये, लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मी दोघांना युरोपच्या क्रूझवर पाठवलं. मी स्वतः इकडे टोकियोत, तोयोसुच्या ऑफिसात जपानी क्लायंटची बोलणी खात होते. त्या संध्याकाळी सातला सुटले आणि प्लॅटफॉर्मवर आईचा फोन आला.

"चारू, बाबा दिसत नाहीयेत गं."

बोट टालिन नावाच्या बंदराला लागली होती. सकाळपासून दोघं तिथलं सात-आठशे वर्षांचं जुनं गाव पायी हिंडत होती. बोट तिथल्या दोन वाजता सुटणार, म्हणजे आमच्याकडे आठला.

"टूर मॅनेजर कुठाय?"

"प्रसन्न सगळ्यांना घेऊन बोटीवर गेला. बाबाच त्याला म्हणाले, आम्ही आमचे येऊ."

म्हणणारच. बाबांनी जन्मभर बँकेत मॅनेजरकी केली, ते दुसऱ्या मॅनेजरचं ऐकतील तर शपथ. प्रसन्नचा फोन बंद होता.

"मी मनोऱ्याच्या चौकात उभी आहे," आई म्हणाली. "हललेली नाही."

"हलूही नकोस," मी म्हणाले. तेवढ्यात गाडी आली आणि मी सवयीने चढले. अक्कल गहाण टाकली होती माझी. इथे गाडीत फोनवर बोलत नाहीत. कोणी ओरडत नाही, नुसते बघतात, आणि त्या बघण्याने माणूस गप्प होतो. शिवाय बोगद्यात रेंजही गेली.

पुढच्या स्टेशनात अनोळखी नंबर वाजला. मी उडी मारून उतरले.

"चारुता, तुझी आई हरवली." बाबा होते. दोघांत मोबाइल एकच आणि तो आईच्या पर्समध्ये. बाबांना पाठ असलेला नंबर माझा, तो त्यांनी एका दुकानदाराच्या फोनवरून फिरवला होता. "मी तटाच्या मोठ्या दारापाशी आहे. हललेलो नाही."

"बाबा, आई मनोऱ्याच्या चौकात आहे."

"मग येत का नाही?"

"तीपण हलत नाहीये. तुमचाच नियम."

हसू यायला हवं होतं, पण घड्याळात साडेसात होऊन गेले होते.

"तुम्ही जा तिच्याकडे," मी म्हणाले. "तिचे गुडघे त्या दगडी उतारावर चालायचे नाहीत."

"आणि मी गेलो आणि ती इकडे निघाली तर? तुला दिसतेय का ती?"

मला समोर थंड चहाच्या डब्यांचं मशीन दिसत होतं. "नाही निघणार," मी छातीठोकपणे सांगितलं. "मी आहे ना."

बाबा निघाले. मी आईला फोन लावला, एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. नंतर कळलं, ती मलाच लावत होती. शेवटी लागला तेव्हा तिला धाप लागली होती.

"मी निघालेय गं. एका बाईने खुणेने सांगितलं, टोपीवाले आजोबा खाली दारापाशी उभे आहेत. माझ्याने राहवेना."

चाळीस वर्षं त्या माउलीने बाबांचा शब्द मोडला नाही. मोडला तो नेमका आज.

"आई, परत फिर, बाबा चौकात येतायत."

"कुठून फिरू? सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसतात." ती रडायला लागली. मीही लागले. शेजारचा जपानी माणूस हळूच दोन पावलं लांब सरकला.

बाबांच्या दुकानदाराला फोन केला. तो त्याच्या भाषेत बोलला, मी माझ्या इंग्रजीत, आणि दोघांनी ठेवून दिला. समोरून माझ्या घराकडच्या गाड्या येत होत्या, जात होत्या. प्लॅटफॉर्मच्या घड्याळात आठ वाजून गेले.

मग आईच्या नंबरवरून बाबांचा आवाज आला.

"सापडली तुझी आई."

"आणि बोट?"

"आम्ही धक्क्यावर आलो तेव्हा ती पाण्यात लांब गेली होती. पासपोर्ट तिच्यावर. माझ्या गोळ्याही तिच्यावर."

मी भराभरा सांगू लागले, बंदराचं ऑफिस गाठा, मी वकिलातीत फोन करते, मी प्रसन्नला शोधते. बाबा ऐकतच नव्हते. त्यांचा एवढा बारीक आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"आम्ही इथे बाकावर बसलोय, चारू. आता नाही हलत," ते म्हणाले. "तू ये शोधत."

"हो बाबा," मी म्हणाले. "तिथेच थांबा."