सातव्या घराचा परिच्छेद

मार्गदर्शक बाईंनी तिसरं प्रकरण टेबलावर आपटलं. "पुरावे काय असे रस्ताभर सांडलेत? आधी दावा, एका वाक्यात. मग त्याचे सगळे पुरावे त्याच्याखाली, एका जागी. दाव्याला आधार न देणारा परिच्छेद बाद!"

धाकटीनं मान डोलावली. घरातल्या मारहाणीवरचा तिचा प्रबंध पाच वर्षं रखडला होता. महिनाभरात तो दिला नाही तर नोंदणी रद्द होणार होती.

घरी येऊन तिनं भिंतीवर चिठ्ठ्या लावायला घेतल्या. पिवळ्या चिठ्ठीवर दावा, पांढऱ्यांवर पुरावे. पिवळीवर लिहिलं, "ऐकणारे मध्ये पडत नाहीत, म्हणून मारहाण चालू राहते."

या दाव्याला सगळ्यात भक्कम आधार सातव्या घराचा होता. मुलाखती दिलेल्या घरांची नावं कुठेच नव्हती, नुसते आकडे. सातव्या घरातल्या बाईनं तोंड उघडलं होतं ते एकाच अटीवर, की कुणाला कळता कामा नये. ते सगळं तीन प्रकरणांत विखुरलेलं होतं तोवर कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता. धाकटीनं ते इमानेइतबारे एकाखाली एक लावलं. इस्त्रीचा चटका. दारात चिरडलेलं बोट. वेळ सात पाच ते सात वीस, नणंद पलीकडच्या खोलीत अभ्यास करत होती.

मांडणी अशी चोख जमली की धाकटी स्वतःवरच खूश होऊन चहा ठेवायला गेली. सातवं घर म्हणजे हेच घर, आणि ती नणंद म्हणजे आपणच, हे इतक्या वर्षांत तिच्या अंगवळणी पडलं होतं.

दादा चार्जर शोधत तिच्या खोलीत शिरला. भिंतीपुढे थांबला. पहिली चिठ्ठी वाचून तो हसला. तिसरी वाचून तडक वहिनीच्या खोलीकडे निघाला.

"गावभर सांगत फिरतेस?" पाठोपाठ कपाट हादरल्याचा आवाज आला. मग वहिनीचा, अर्धवट तुटलेला. मग लाथांचे, एकामागून एक.

ओट्याशी उभ्या धाकटीनं सवयीनं घड्याळ बघितलं. पाच वाजून दहा मिनिटं. हात कानामागच्या पेनकडे गेला, आणि तिला स्वतःचीच किळस आली. गॅसवर चहा उकळत होता. तिनं पातेलं उचललं.

खोलीला कडी नव्हती. कधीच नसायची. आत येणार होतं कोण?

उकळता चहा दादाच्या मानेवर पडला. तो किंचाळत वळला, तशी तिनं पातेलं त्याच्या तोंडावर हाणलं. नाक फुटलं. तो गुडघ्यावर आला, तिनं पुन्हा हाणलं, कानावर. तो आडवा झाला, तरी तिचा हात थांबेना.

"पुरे," वहिनी म्हणाली. ती कपाटाला टेकून बसली होती. ओठ फाटला होता, तळहातावर एक दात होता.

धाकटीच्या हातून पातेलं गळून पडलं. दादा कण्हत होता.

"दरवेळी ऐकायचीस?"

"हो."

"वही बघितलीय मी तुझी. वेळसुद्धा लिहायचीस."

"हो, वहिनी." धाकटीला हुंदका आवरेना.

वहिनीनं पदरानं तोंडातलं रक्त पुसलं. "रडायचं ते नंतर रड. पोलिसांना फोन लाव आधी. आणि आकडा सांगू नकोस त्यांना. माझं नाव सांग."