सासूबाईंच्या नेमाची दुर्बीण

देरासराच्या, म्हणजे आमच्या जैन देवळाच्या, शिखरावरची ध्वजा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अन्नाला हात लावायचा नाही, असा माझ्या सासूबाईंचा नेम. पाय चालत होते तोवर त्या देवळातच जात. मांडीचं हाड मोडल्यापासून नवापूरच्या आमच्या घराच्या माडीवर, खिडकीशी टाकलेल्या खाटेवरूनच, नदीपलीकडची ध्वजा पाहून हात जोडत. त्या पावसाळ्यात मात्र नजर अधू झाली. एका सकाळी मला म्हणाल्या, "बिनणी, आज ध्वजा नाही दिसत गं."

"ती काय, हलतेय ना," मी म्हटलं.

"तुला दिसली, तू जेव. तुझ्या जेवणानं माझं पोट कसं भरेल?"

त्या दिवशी त्यांनी नुसतं उकळलेलं पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. आजारपणात नेमाला सूट असते, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्या हसायच्या आणि मान फिरवायच्या.

माझे चुलत सासरे धर्मचंदकाका आपली जुनी दुर्बीण घेऊन आले. जंगलखात्याच्या साहेबाची बदली झाली तेव्हा लिलावात त्यांनी ती हौसेनं घेतली होती. वरचं वेष्टण कधीच कुजून गळालेलं, आतलं पितळ उघडं नि काळवंडलेलं. माझ्या ह्यांनी ती हातातसुद्धा धरली नाही.

"काका, ह्या नळीतून साहेब सांबरं हेरायचा. हिच्यातून आईनं देवाची ध्वजा पाहायची?"

"मग बसव तिला उपाशी," काका म्हणाले, आणि दुर्बीण कोनाड्यात ठेवून निघून गेले.

हे तडक सुरतेच्या गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर कोरी करकरीत दुर्बीण घेऊन परतले. सोबत तीन पायांचं लाकडी तिकाटणं. दूध घालायला आलेली भिकुबाईही मागोमाग जिना चढून वर आली.

"माय वं, हाई तं तोफच शे! आजी, पह्यले तुम्हना देव दखा, मंग मन्ही म्हैस कोठे चरी ऱ्हायनी ते दखा."

सुकल्या ओठांनी सासूबाईसुद्धा हसल्या. ऊन कलत होतं. सूर्य बुडाल्यावर आमच्यात कुणी जेवत नाही. आज दर्शन झालं तरच मुगाचं पाणी पोटात जाणार होतं, आणि डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते की आणखी एक उपास हे शरीर सोसणार नाही.

मी दुर्बीण त्यांच्या डोळ्याशी नेली. दमट हवेत कसलासा वास आला. नळीवरच्या काळ्या, गुळगुळीत वेष्टणावरून बोट फिरवलं. चामडं होतं.

दर्शनाला जाताना आम्ही कमरेचा पट्टासुद्धा देवळाबाहेर काढून ठेवतो. सासूबाईंना काही कळलं नव्हतं. एक डोळा मिटून त्या पुढं झाल्या होत्या. मी गप्प बसले असते तर त्यांना ध्वजा दिसली असती, त्या जेवल्या असत्या. पण ज्यांनी माझ्या डोळ्यांची उसनी ध्वजा घेतली नाही, त्यांना हे कसं खपवायचं?

"थांबा, सासूजी. हिच्यावर कातडं आहे."

ह्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, नळीतून बघायचंय की नळी चाटायचीय? आण सुरी, काढतो सोलून!"

"घेवर," सासूबाई लेकाला म्हणाल्या, "सुरतेहून खाटकाचं काम शिकून आलास का?"

भिकुबाईला हसू आवरेना. मी कोनाड्यातली जुनी, नुसत्या पितळेची दुर्बीण काढली.

"सासूजी, शिकारी जर मुनी महाराजसाहेबांपुढं येऊन म्हणाला, आजपासून शिकार सोडली, तर ते त्याला नेम देतात ना? साहेब गेल्यापासून हिनंही एक जीव हेरलेला नाही. नवीवरचं कातडं मात्र आजही कातडंच आहे."

सासूबाईंनी मग हात पुढं केला. "दे तिला नेम. आजपासून फक्त दर्शन."

नवकार मंत्र म्हणत मी भिंगं ओल्या फडक्यानं पुसली. आतली नळी पार जाम झाली होती. ह्यांनी ओढली, मी ओढली, हलेना.

"सरका भाऊ, हाई काम तुम्हनं नही," म्हणत भिकुबाईनं रोज धार काढणाऱ्या मनगटांचा एक हिसका दिला आणि नळी बाहेर आली.

दुर्बीण खिडकीच्या गजावर टेकवली. सासूबाईंनी डोळा लावला.

"नुसतं धुकं आहे."

मी नळी किंचित आत सारली.

"भिंत आहे... कळस... अंहं, गेला." ह्यांनी डोंगराकडे झुकलेल्या सूर्याकडे पाहिलं. मी आणखी जराशी सारली. सासूबाईंचे दोन्ही हात एकदम जुळले आणि दुर्बीण सुटू लागली, ती मी धरली.

"आई, दिसली?"

"दिसली म्हणजे? अरे, किनार उसवलीय तिची! खालचं टोक लोंबतंय. पुजारी डोळे मिटून पूजा करतो का?"

रोज ती ध्वजा पाहणाऱ्या आम्हा कुणालाच हे दिसलं नव्हतं. ह्यांनी घाईनं डोळा लावला आणि "खरंच की!" म्हणून ओरडलेच.

सासूबाई उशीला टेकून बसल्या, एखादा गड घेतल्यासारख्या. मी मुगाचं पाणी आणलं. वाटी तोंडाला लावून त्यांनी ती एका दमात रिकामी केली नि माझ्यापुढं धरली.

"आणखी घाल. सूर्य आहे अजून."