चष्म्यासकट

“दे विल लेट अस नो, म्हणाले,” कुशने फोन टेबलावर पालथा ठेवला.

“म्हणजे नाही,” मीनाक्षी कढईतले पोहे परतत म्हणाली.

“आई, इट जस्ट मीन्स ते अजून ठरवतायत.”

“तुझ्या जन्माच्या आधीपासून ऐकतेय मी हे. मराठीत त्याला ‘कळवतो’ म्हणतात. आजवर कोणी कळवलेलं नाही.”

सोफ्यावरून तिचा नवरा राजीव कसनुसं हसला. कॅरी गावातल्या त्यांच्या घरात सकाळपासून टीव्ही चालू होता. व्यावसायिक फुटबॉलच्या संघांनी कॉलेजची पोरं निवडून घ्यायचा आज तिसरा आणि शेवटचा दिवस, आणि सातातली सहावी फेरी संपत आली होती. हा फुटबॉल अमेरिकेतला, नाव पायाचं आणि खेळ जवळजवळ सगळा हातांचा. त्यात पायाचं काम करणारे जे एखाद-दोघे असतात, त्यांतला कुश. किकर. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्याने सव्वीसपैकी चोवीस वेळा बॉल खांबांमधून पार केला होता, आणि जाणकार त्याला पाचव्या फेरीत धरून चालले होते.

मग फेब्रुवारीत एका संघाच्या माणसाने मुलाखतीत विचारलं, गर्लफ्रेंड आहे का? कुश म्हणाला, बॉयफ्रेंड आहे, मार्कस नावाचा. मागून कुजबुज नको म्हणून त्याने दोघांचा फोटोही स्वतःच नेटवर टाकला. तेव्हापासून पाचवीची सहावी झाली, सहावीची सातवी. पाय तोच होता.

निवडीआधी संघांचे लोक या पोरांना अर्ध्या चड्डीवर उभं करतात, उंची-वजन घेतात, हाताचा पंजा मोजतात, घरच्यांची चौकशी करतात. कुशने हे सांगितलं तेव्हा मीनाक्षीला हसू आवरेना. अमरावतीला तिला बघायचे असे आठ कार्यक्रम झाले होते. निदान साडी तरी नेसू दिली होती. आणि परवा एक कोच कुशला म्हणाला, तू आमच्या सिस्टिममध्ये बसत नाहीस, तेव्हा पत्रिका जमत नाही याला इंग्रजीत काय म्हणतात तेही तिला समजलं.

मार्कस खाली गालिच्यावर, कुशला टेकून बसला होता. धिप्पाड पोरगा, जनावरांच्या डॉक्टरकीला शिकणारा. पोह्यांवर लिंबू पिळायला तो या घरात येऊन शिकला होता. शेजारच्या सरलामावशी डबा घेऊन आल्या होत्या. त्या ओट्यापाशी येऊन हळूच म्हणाल्या, “मीना, रागावू नकोस. पण आजच्या दिवस त्याला नसतं बोलावलं तर? बाहेर ती टीव्हीवाली गाडीत बसलीये.”

ती लोकल चॅनेलची मुलगी होती. कुशचं नाव पुकारलं की आत येऊन घरच्यांचा आनंद टिपायचा, असं ठरलं होतं.

मीनाक्षी उत्तर देणार तेवढ्यात कुशचा एजंट फोनवर आला. कुशने स्पीकर लावला. सातव्या फेरीत एक संघ किकर घेणार होता आणि कुशचा पाय त्यांना पसंत होता. फक्त गोंगाट नको होता. तो फोटो काढून टाक, एजंट म्हणाला, आज कॅमेऱ्यासमोर आईवडील बसू देत, आणि कोणी विचारलंच तर मार्कस मित्र आहे म्हणा. दहा मिनिटांत सांग.

मार्कस ताटली घेऊन उठला. “आय विल सिट इन द गॅरेज. इट्स फाइन. रिअली.”

“एकच वर्ष, कुश,” राजीव म्हणाला. “एकदा आत शिरलास की मग कोण विचारतंय, यार.”

मीनाक्षीने गॅस बंद केला. कुशचं नाव पुकारलं जावं असं तिला फार, फार वाटत होतं. तो नऊ वर्षांचा असल्यापासून खांबांमागे उभं राहून तिने बॉल गोळा केले होते. हो म्हण, एवढं एक वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं आणि त्याची तिला भयंकर चीड आली.

“राजीव, मी सात वेळा चष्मा काढून बसले होते,” ती म्हणाली. “बाबांचा हुकूम. चौथ्या वेळी पोह्यांची बशी मी मुलाच्या भावोजींना दिली, मान खाली घालून, लाजून. मुलगा पलीकडच्या खुर्चीवर होता. सगळे हसले आणि कळवतो म्हणाले.”

सरलामावशींना हसू फुटलं, ते त्यांनी पदर नसल्यामुळे हातानेच दाबलं.

“आठव्यांदा नाही काढला. बाबा डोळे वटारत होते, तरी नाही.”

“आठवा मी होतो,” राजीव म्हणाला.

“आणि तू काय विचारलंस?”

“नंबर किती.” त्याने स्वतःचा चष्मा वर सारला. “तुझा साडेपाच होता. माझा साडेसहा.”

“चष्मा काढून कोणी मिळाला असता ना, तर जन्मभर काढूनच बसावं लागलं असतं. कुश, पाय तुझा आहे, तू ठरव. पण माझ्या घरात कोणी गॅरेजमध्ये बसणार नाही.”

मार्कसला मराठीतलं एक अक्षर कळलं नव्हतं. गॅरेज तेवढं कळलं, म्हणून तो निघाला. कुशने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं आणि एजंटला फोन लावला. “टेल देम नो. फोटो राहील, मार्कस राहील. घ्यायचं तर असंच घ्या.”

त्या संघाने सातव्या फेरीत खरोखरच किकर घेतला. वर्षभरात आठ किक चुकवलेला, दुसराच. बाकीचे संघही आपापली पोरं घेऊन मोकळे झाले. राजीवने टीव्ही बंद केला. कुश गुडघ्यांत डोकं घालून रडला, आणि मार्कस त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. सरलामावशी पुसलेला ओटा पुन्हा पुसत होत्या.

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मीनाक्षी सपाता घालून धावली आणि काचेवर टकटक केली.

“आय अ‍ॅम सॉरी, मिसेस नाफडे,” ती मुलगी म्हणाली. “निवड झाली नाही, मग दाखवायचं काय?”

“मुलगा घरात आहे. रडून झालंय त्याचं. चला.”

त्या आवाजाला नाही म्हणायची सोय नव्हती. मुलगी आत आली. सोफ्यावर चौघं दाटीवाटीने बसली. कुश डोळे लाल असतानाच बोलला. पुढच्या महिन्यात न निवडलेल्यांच्या चाचण्या असतात, तिथे जाईन, बोलावतील तिथे किक मारून दाखवीन, आणि जाताना कोणाला लपवून जाणार नाही.

मुलीने चित्राखाली द्यायला नावं विचारली. मार्कसपाशी ती अडखळली. “आणि हे? फ्रेंड?”

“जावई,” मीनाक्षी म्हणाली.

मुलीने पेन थांबवलं. स्पेलिंग राजीवने सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, शेवटपर्यंत. तिला ते आडनाव वाटलं. तिने तसंच लिहून घेतलं, आणि खोलीतल्या कोणीही तिची चूक दुरुस्त केली नाही.

संध्याकाळच्या बातम्यांत चौघांचे चेहरे अर्धं मिनिट दिसले. खाली पट्टी होती: कुश नाफडे, किकर, निवड नाही. आणि त्याच्या शेजारी, मार्कस जावई.